चित्रातील मुले आणि चित्राबाहेरील मुले

केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) ही इंग्लंडातील नामांकित चित्रकर्त्री. लंडनमध्ये जन्मलेल्या केटने बालपणीचे काही दिवस नॉटिंगहॅमशायरमधील रोल्स्टन या खेड्यात घालविले. तेथील फुले व कुरणे पुढे तिच्या जलरंगांत उतरली. तिची मुले स्वच्छ झगे घालून बागेत खेळतात, फेर धरतात. अंगावर चिखलाचा डागही नसतो. १८७९ साली तिचे ‘अंडर द विंडो’ हे पुस्तक निघाले. त्याची पहिली छपाईच २०,००० प्रतींची होती.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८७८ साली, ब्रिटिश पार्लमेंटने १० वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास लावण्याची बंदी केली. त्याहून मोठी मुले मात्र अर्धवेळ कामावर जातच राहिली. मग प्रश्न उभा राहतो: या मुलांना वगळणारे चित्र खोटे नव्हे काय?

उत्तर देण्याची घाई करू नये. चित्रासाठी बसणाऱ्या मुलांचे कपडे ग्रीनअवे स्वतः शिवी, आणि ते तिच्या जन्मापूर्वीच्या जुन्या धाटणीचे असत. आजची मुले अशीच आहेत, असा तिचा दावा नव्हता.

शिवाय, चित्र दुःखाचे आहे एवढ्यानेच ते खरे ठरत नाही. लंडनमध्ये निराधार मुलांसाठी झटणारे डॉ. बर्नार्डो मुलांचे ‘आधी’ व ‘नंतर’ असे फोटो विकीत. १८७७ साली लवादाने त्यांच्यावरील बहुतेक आरोप फेटाळले. परंतु मुलांना मुद्दाम अधिक दीनवाणे दाखविणाऱ्या फोटोंबद्दल दोष दिलाच. हेतू चांगला, कार्यही चांगले. तरी खऱ्या मुलाच्या चेहऱ्याला खोटी दैना जोडली गेली.

फोटो ‘हे असे आहे’ म्हणतो. ग्रीनअवेचे चित्र ‘हे असे असावे’ म्हणते. असे म्हणण्यात खोटे काही नाही. ते एक माप आहे, आणि माप लावून पाहावयाचे असते. बालपण काय असते हे या चित्रावरून ज्याला कळले, त्याला गिरणीतल्या मुलाचे काय हिरावले गेले हेही कळेल. ज्याने नुसते हसून पान उलटले, त्याने मात्र चांगल्या चित्रालाही खोटे पाडले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, असे चित्र वर्गात अवश्य दाखवा. मग मुलांना एवढेच विचारा: या खेळात कोण नाही, आणि का?