सवयीआधी सोय

“या बायकांना चांगल्या सवयीच नसतात.” चाकणच्या एका दवाखान्यात गरोदर कामगार बायकांबद्दल कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही. बोलणाऱ्या बाई तळमळीच्या होत्या, म्हणूनच ते जास्त खुपलं. गरोदरपणात पालेभाजी, भरपूर पाणी, चालणं, पुरेशी झोप, मिश्री बंद, हे आता कोणाला ठाऊक नाही?

उपदेश वेगळा, सोय वेगळी. भरपूर पाणी प्या, हा उपदेश. कारखान्याच्या लाइनवरून दहा मिनिटं सुटायला बदली कामगार मिळणं, ही सोय. ती नसेल तर बाई पाणीच कमी पिते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण पहिल्या शिफ्टची बस गाठताना गोळी चहाबरोबरच घेतली जाते, आणि चहा लोह नीट अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या सगळ्या बेफिकीर आहेत, असं दवाखान्यातल्या त्या बाई म्हणतील का?

ही सोय कुणाला मिळत नाही हे शोधताना शहरी आणि ग्रामीण ही विभागणीही उपयोगी पडत नाही. राहायला चाकणजवळच्या नाणेकरवाडीत, काम कारखान्यात, घरची माणसं मराठवाड्यात. अशा बाईला कोणत्या रकान्यात घालणार?

1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी आईच्या विश्रांतीला राष्ट्रहित मानलं होतं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. म्हणजे या विश्रांतीचा भार एकट्या बाईवर टाकू नये, हा विचार इथे जुनाच आहे.

मग आठवतं ते माहेर. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत मला नुसती रूढी वाटत आली. पण तिथे सासरचं काम सुटायचं, वेळेवर ताट मिळायचं, दुपारी पाठ टेकता यायची. म्हणजे परंपरेनं, निदान पहिलटकरणीपुरती, सोयच केली होती. नोकरी जाईल या भीतीनं कंत्राटी कामगार बाईला आज तीही परवडत नाही.

प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांवर नेली. त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधीचे. फार वेळ उभं राहण्याच्या कामातून सुटका मात्र 1961 च्या मूळ कायद्यानं दिली ती शेवटच्या साधारण दहा आठवड्यांपुरती, तीही बाईनं स्वतः मागितली तरच. गरोदरपण कळल्या दिवसापासून, न मागता, बसायला खुर्ची आणि हक्काची सुटी मिळायला हवी, कंत्राटी बाईलाही. तेवढं झाल्यावर सवयींबद्दल जरूर बोलावं.