बिनकामाची झडप

‘नाव ठेवणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत. बारशाच्या दिवशी आपण मुलाचे नाव ठेवतो, आणि पुढे त्याच मुलाला जग आयुष्यभर नावे ठेवते. पहिल्या कृतीत स्वीकार आहे, दुसरीत धिक्कार आहे. दोहोंना भाषेने एकच क्रियापद दिले, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. ज्याचे खरे नाव आपणांस ठाऊक नसते, त्याला नावे ठेवून मोकळे होणे ही माणसाची फार जुनी सोय आहे. आणि अशा वेळी जे नाव सर्वांत आधी जिभेवर येते, ते म्हणजे ‘बिनकामाचा’. एखादी वस्तू, एखादा नियम किंवा एखादा माणूस बिनकामाचा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणांस केव्हा प्राप्त होतो, असा प्रश्न मला या लेखात विचारावयाचा आहे. प्रश्न नीतीचा असला, तरी त्याचे उत्तर शोधताना मला एका जुन्या मोटारीच्या इंजिनाचा आधार मिळाला. म्हणून वाचकांनी थोडा वेळ तेलाचा वास सहन करावा, अशी विनंती आहे.

रायपूरच्या समता कॉलनीत आमचे एक निवृत्त स्नेही राहतात. त्यांनी एक जुनी ‘सॅन स्टॉर्म’ विकत घेऊन ती पुन्हा उभी करण्याचा संकल्प सोडला आहे. ही गाडी जन्माने गोमंतकीय. सॅन मोटर्सने 1998 साली ती बाजारात आणली. दोन आसने, उघडे छप्पर, फायबरचे हलके अंग, आणि पोटात रेनो या फ्रेंच कंपनीचे 1149 घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन. भारतात बनलेल्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी ही एक. परंतु थोड्याच गाड्या तयार झाल्यामुळे तिची माहितीपुस्तिका, तिचे सुटे भाग आणि तिचा जाणकार मिस्त्री या तिन्ही गोष्टी आज दुर्मिळ आहेत. जवळपास तेच इंजिन युरोपात ‘क्लिओ’ आणि ‘ट्विंगो’ या गाड्यांत बसविलेले असे. त्यामुळे आजोळच्या नात्यावरून मुलाचे कूळ काढावे, तशी तिच्या भागांची ओळख पटवावी लागते. इंजिन उतरवून ठेवलेले होते. आयुष्यभर फायलींना टॅग बांधणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाकडे साहजिकच एक काम आले: प्रत्येक भाग ओळखला गेला, की त्याला चिठ्ठी बांधणे.

पेट्रोल इंजेक्शनच्या इंजिनावर दोन जातींचे छोटे भाग असतात, आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. दोघांनाही प्लॅस्टिकचा कप्लर आणि त्यातून निघणाऱ्या तारा असतात. एक जात सेन्सरांची, म्हणजे संवेदकांची. दुसरी व्हॉल्व्हांची, म्हणजे झडपांची. संवेदक सांगतो, झडप करते. थंड पाण्याचे तापमान सांगणाऱ्या संवेदकाला बहुधा दोन तारा असतात. तो पातेल्यातील पाण्यात धरून पाणी तापवू लागले, की त्याचा विद्युत्‌रोध उतरत जातो: खोलीच्या तापमानाला दोन-तीन हजार ओहम असतो, तो उकळीच्या सुमारास दोनशेच्या आसपास येतो. थ्रॉटलची पाकळी किती उघडली हे सांगणाऱ्याला तीन तारा; एकीवर पाच व्होल्ट, एक जमिनीची, आणि तिसरीवर त्याची साक्ष. फ्लायव्हीलच्या कडेला बसून दात मोजणारा एक असतो. त्याने तोंड उघडले नाही, तर ठिणगीच पडत नाही. सायलेन्सरच्या नळीत खुपसलेला चौथा जळून गेलेल्या वायूंतील प्राणवायूची वार्ता एका व्होल्टाहूनही कमी दाबात कळवीत असतो. झडपेची परीक्षा याहून सोपी. तिला बारा व्होल्टचा प्रवाह दिला, की पोटातून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि फुंकर जी आधी अडत होती ती पार जाते.

याप्रमाणे एकेका भागाला नाव मिळत गेले, आणि शेवटी दोन झडपा उरल्या. एक, कोळशाच्या छोट्या डब्याला इंजिनाशी जोडणाऱ्या नळीवरची. दुसरी, इंजिनाच्या पोटातून वर येणाऱ्या नळीवरची, जी हालविली असता खुळखुळ्यासारखी वाजत होती. मिस्त्री अनुभवी होता. दोन्हीकडे पाहून त्याने निर्णय दिला: “साहब, ये बेकार की चीज़ है. इसके बिना भी गाड़ी चलेगी.” एका नळीला बूच मारावे, दुसरी खाली मोकळी सोडावी, असा त्याचा सल्ला होता. आणि येथेच लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या दोन झडपांवाचून गाडी खरोखरच चालते. वेग कमी होत नाही, ताकद घटत नाही. मालकाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या असून नसल्यासारख्याच आहेत.

मग त्या तेथे कोणी आणि कशासाठी बसविल्या? इंजिन चालू असताना जळते वायू थोडेफार पिस्टनच्या कडेने खाली झिरपतात आणि तेलाच्या वाफेशी मिसळतात. पूर्वीच्या गाड्यांत हा सगळा धूर एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून दिला जाई. पेट्रोलच्या टाकीतील वाफही अशीच हवेत जाई. याने कोणाचे काही बिघडते, असे कोणासही वाटत नव्हते. 1940 च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे तपकिरी धुके साचू लागले, तेव्हा अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारा आरी हागेन-स्मिट नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ त्या धुक्याकडे वळला. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते, असे त्याने दाखविले. मोटारींच्या वाफेला तिचे खरे नाव तेव्हा मिळाले. 1961 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांवर ती खुळखुळणारी झडप आली. 1970 साली कोळशाचा डबा आला. डब्यातील कोळसा टाकीची वाफ शोषून धरतो, आणि गाडी चालू लागली, की दुसरी झडप उघडून ती वाफ जाळण्यासाठी इंजिनात धाडते. भारतात चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक 1 एप्रिल 1995 पासून आला, आणि 2000 साली शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले.

तात्पर्य, त्या दोन झडपा मालकासाठी नव्हत्याच. त्या मागून सायकलीवर येणाऱ्या शिक्षकासाठी होत्या, चौकात पेरूची टोपली घेऊन बसलेल्या बाईसाठी होत्या, शेजाऱ्याच्या खिडकीत झोपलेल्या मुलासाठी होत्या. मालकाच्या गाडीत बसविलेला, परंतु परक्यासाठी काम करणारा असा तो भाग. ‘याचा मला काय उपयोग?’ एवढा एकच प्रश्न घेऊन जो त्याच्याकडे जाईल, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि ते उत्तर सत्य असेल. चूक उत्तरात नाही. प्रश्न अपुरा आहे.

आपल्या भाषेत ‘ओळख’ या शब्दाचेही असेच झाले आहे. ‘त्या कचेरीत तुमची कोणाशी ओळख आहे का?’ असे आपण विचारतो, तेव्हा त्या गृहस्थाचा स्वभाव आपणांस जाणून घ्यावयाचा नसतो. तो आपले काम करून देईल की नाही, एवढेच विचारावयाचे असते. ओळख म्हणजे वशिला. ज्याच्यापासून आपणांस काही मिळत नाही, तो रोज दिसला तरी अनोळखीच राहतो. आपण बहुतेकजण बदलीच्या नोकरीतले आहोत, म्हणून आपल्यालाच ओळखीचे उदाहरण देतो. नव्या ठिकाणी चार्ज घेतल्यावर एखाद्या रजिस्टरात असा रकाना आढळतो की जो भरण्यात रोज पाच मिनिटे जातात आणि ज्याचा कोणी उल्लेखही करीत नाही. नवा अधिकारी तो बंद करतो, काम हलके होते, सर्वजण त्याला धन्यवाद देतात. तो रकाना एखाद्या दूरच्या गावच्या विधवेचे थकलेले निवृत्तिवेतन शोधून काढण्यासाठी घातला असेल, तर ती विधवा काही तक्रार करण्यास येत नाही. तिला त्या रकान्याचे अस्तित्वच ठाऊक नसते. परोपकारी यंत्रणांचे हेच दुर्दैव आहे: त्या बंद पडल्याचे बंद करणाऱ्याला कळत नाही, आणि ज्यांचे नुकसान होते त्यांना कारण कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की या न्यायाने जुने काहीच टाकता येणार नाही. प्रत्येक गंजलेल्या खिळ्यापुढे हात जोडून उभे राहावे लागेल. आक्षेप रास्त आहे. त्या इंजिनावरही एक कप्लर असा निघाला, की ज्याला जोडावयाचे काहीच नव्हते. दुसऱ्या गाडीसाठी ठेवलेली ती तार या गाडीत तशीच राहून गेली होती. ती खुशाल कापावी. परंतु कापावी ती ओळख पटल्यानंतर. अज्ञानाने टाकणे आणि अज्ञानाने जपणे या दोन्हींत मला फारसा भेद दिसत नाही; दोन्हींत विचार करण्याचा कंटाळा समान आहे. टाकणाऱ्यावर एवढाच भार असावा, की हा भाग कोणासाठी काम करीत होता हे त्याने आधी सांगावे, आणि मग टाकावा.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे, आणि तो आमच्या स्नेह्यांनीच घेतला. हौसेची गाडी, वर्षाकाठी पाचशे किलोमीटर चालली तरी खूप. तिची वाफ ती किती? खरे पाहता उत्तर उलट आहे. टाकीतील पेट्रोल गाडी उभी असतानाही उडत असते, आणि रायपूरच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांवर गेला, की अधिकच उडते. जी गाडी बहुतेक वेळ उभीच राहणार, तिला त्या डब्याची आणि त्या झडपेची गरज कमी नाही. पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असते, बेन्झीन कर्करोगाला कारण होते, आणि स्नेह्यांच्या गॅरेजच्या वरच्याच खोलीत त्यांची नातवंडे सुट्टीत झोपतात. हे ऐकल्यावर दुसऱ्याच आठवड्यात झडप मिळविण्याची खटपट सुरू झाली. मला समाधान वाटले. तरी मनात एक शल्य राहिलेच. परक्याचे मूल पुरेसे ठरले नव्हते. त्यासाठी स्वतःचे नातवंड यावे लागले. आपल्या नीतीचा परीघ बहुधा आपल्या गच्चीच्या कठड्यापर्यंतच असतो.

गच्चीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. रायपूरकरांना गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काळी काजळी नवी नाही. उरला आणि सिलतरा या भागांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या धुराड्यावर धूळ पकडणारे विजेचे यंत्र असते. त्या यंत्राने लोखंड अधिक चांगले होत नाही. ते केवळ वीज खाते. रात्री ते बंद ठेवले जाते, अशी तक्रार शहरात वर्षानुवर्षे ऐकू येते. ती जेथे खरी असेल, तेथे कारखानदाराचा युक्तिवाद आणि मिस्त्रीचा युक्तिवाद एकच ठरतो: याच्यावाचूनही चालते. आपण कारखानदाराला नावे ठेवतो. तीच नावे आपल्या गॅरेजात ऐकू आली, तर ती ओळखता आली पाहिजेत.

अर्थात केवळ ओळख पटली म्हणजे सदाचार आला, असेही नाही. 2015 साली फोक्सवागन कंपनीच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण जगापुढे आले. त्या गाड्यांच्या नियंत्रकात अशी योजना होती, की परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ व्हावा, आणि रस्त्यावर पुन्हा पहिले पाढे सुरू व्हावेत. पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने येथील 3,23,700 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. तेथे अज्ञान नव्हते. प्रत्येक संवेदक, प्रत्येक झडप कोणासाठी आहे हे तेथील अभियंत्यांना आपल्याहून शतपट ठाऊक होते. त्यांनी यंत्राला परीक्षक ओळखावयास शिकविले, आणि नागरिकाला अनोळखी ठेवले. तपासणीच्या दिवशी चकचकीत होणाऱ्या कचेऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कला परकी वाटणार नाही. मिस्त्रीचा दोष त्यामानाने सौम्य म्हटला पाहिजे. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि सांगितल्यावर त्याने दोन्ही नळ्या नीट जोडण्याची तयारी दाखविली.

म्हणूनच मला वाटते, की ज्ञानाने चारित्र्य येत नसले, तरी अज्ञानाची सबब तेवढी नाहीशी होते. आणि सबब नाहीशी करणे हेही लहान काम नव्हे. कारकुनाच्या हाती याहून मोठे अधिकार सहसा येत नाहीत. परंतु चिठ्ठी लिहिणे त्याच्या हाती असते. भागाचे नाव आणि त्याचे काम या दोन ओळींखाली तिसरी ओळ त्याला लिहिता येते: ‘कोणासाठी’. इंजिन असो, रजिस्टर असो वा कायद्याचे कलम असो, आपली बदली झाल्यावर ते उघडून पाहणाऱ्या अनोळखी माणसाला ती तिसरी ओळ वाचावयास मिळाली, तर निदान बूच मारण्यापूर्वी त्याचा हात क्षणभर थांबेल.