पडीक जमीन कोणाची?

'पडीक' हा शब्द आपण सहसा निंदेच्या सुरात उच्चारतो. जी जमीन पिकत नाही, भाडे देत नाही, जिच्यावर कोणी घर बांधलेले नाही, ती पडीक. आणि जे पडीक ते वाया गेले, असा आपला हिशेब. परंतु जमिनीला विश्रांती देणे आणि जमीन वाया घालवणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? मावळच्या भूमीचा इतिहास पाहिला म्हणजे हा प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

मावळातील शेती फार जुनी आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत 'मामाल' या नावाने या मुलखाचा निर्देश येतो आणि भिक्षूंच्या निर्वाहासाठी गाव दान दिल्याची नोंद सापडते. म्हणजे त्या काळीही येथे कसणारे हात होते आणि स्वतःच्या गरजेहून अधिक पिकवणारी जमीन होती.

पुढे नांगर हळूहळू खोऱ्यातून वर चढला. इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांकाठची सखल जमीन भाताच्या खाचरांनी व्यापली. खाणारी तोंडे वाढली तशी डोंगरउतारावरची वरकस जमीन लागवडीखाली आली. तेथे नाचणी, मग वरी किंवा सावा, शेवटी खुरासणी अशी पिके घेत आणि त्यानंतर काही वर्षे तो तुकडा पड ठेवीत. त्या पडीवर गवत माजे, झुडपे उगवत, गावची गुरे चरत. भाताची रोपे तयार करण्यासाठी ऐनाच्या फांद्या, शेण व पालापाचोळा पसरून राब भाजला जाई. खाचर, वरकस, कुरण आणि रान ही चार निराळी खाती नव्हती. एकाचा ताळेबंद दुसऱ्यावर अवलंबून होता.

हा मेळ पडीच्या वर्षांनी सांभाळला होता. भूक वाढली तेव्हा आधी कात्री लागली ती याच वर्षांना. उतार वारंवार नांगरला जाऊ लागला. कुरण आखडले, गुरे रानात शिरली. नवे गवत जोमाने फुटावे म्हणून उन्हाळ्यात डोंगराला आग लावली जाई. त्या आगीत रोपांचे वृक्ष होणे थांबले आणि उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहून गेली. यात अपराधी कोण? कोणीही एका दिवसात अरण्य तोडले नाही. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरतीच फांदी घेतली. अशा पापाला एक कर्ता नसतो, म्हणून त्याची कबुलीही कोणी देत नाही.

तथापि सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1915 साली टाटांचे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. त्या योजनेसाठी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरोता ही धरणे उभी राहिली. पुढे आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 साली सत्याग्रह झाला, तो अशाच बुडणाऱ्या जमिनीसाठी. स्वातंत्र्यानंतर पवना धरण आले. खोऱ्याच्या तळाची उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली, की कसणाऱ्याला वरचा उतारच उरतो. मुंबईच्या उजेडाचे मोल कोणत्या डोंगराने चुकवले, हे आपण क्वचितच विचारतो.

1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 'इंद्रायणी' हे वाण आले. आंबेमोहोर आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून निघालेल्या या सुवासिक भाताने त्याच खाचरात अधिक धान्य दिले. आता उताराला उसंत मिळेल, अशी आशा धरण्यास जागा होती. नाचणीची वरकस शेती मागे हटली, पॉवर टिलर आला, बैल कमी झाले. परंतु शेतीने सोडलेला उतार रानाला मिळाला असे सर्वत्र घडले नाही. 2002 पर्यंत द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि अनेक ठिकाणी त्या उतारांवर प्लॉटच्या खुणा व कुंपणभिंती आल्या. गुरांची वाट अडली, झऱ्याचा ओघ बुजला.

हा प्रश्न जगाचाही आहे. पृथ्वीवरील राहण्यायोग्य भूमीपैकी जवळजवळ निम्मी आज शेती व चराईखाली आहे, आणि तिचाही मोठा वाटा गुरांसाठी व त्यांच्या चाऱ्यासाठी लागतो. थोड्या जमिनीत अधिक पिकवण्याची विद्या माणसाने मिळवली; परंतु वाचलेली जमीन कोणाची, हे ती विद्या सांगत नाही.

पवित्र शास्त्रात याचे उत्तर आहे. मोशेच्या नियमशास्त्राने सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावयास सांगितले आणि त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांचे व रानातील पशूंचे ठरवले. म्हणजे पडीक जमीन बेवारस नव्हे; तिला वारस आहेत, फक्त ते सातबाऱ्यावर दिसत नाहीत. सह्याद्रीतील गावांनी हेच तत्त्व देवराईत पाळले. डॉ. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी या राया अभ्यासल्या, तेव्हा भोवतालचे डोंगर बोडके होत असताना तेथे जुने वृक्ष उभे होते.

कोणी म्हणेल, पोटाला चिमटा बसलेल्या शेतकऱ्याने जमीन पड कशी ठेवावी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विसाव्याचे कर्तव्य प्रथम त्याचे नव्हे; ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांचे आहे. शनिवार-रविवारच्या हवापालटासाठी लोणावळ्याकडे तुकडा शोधणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. घेण्यापूर्वी तेथून गुरे कोठे जात होती, पाणी कोठून वाहत होते, हे शेजारच्या वाडीत जाऊन विचारावे. घेतल्यावर ती वाट व तो ओघ मोकळा ठेवावा आणि काही भाग तसाच पडीक राहू द्यावा. त्यात आपले नुकसान थोडे आहे. आणि जे सोडले ते मुळात आपले एकट्याचे नव्हतेच.