दोन किल्ल्या

बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. एक किल्ली कॅशिअरकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि दुसरी साहेबांकडे. दोघं शेजारी उभे राहिल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. इतक्या वर्षांत साहेब मला चोर समजतात असं मला कधी वाटलं नाही, आणि मीही साहेबांना (निदान उघडपणे) तसं समजलो नाही. पद्धतच आहे ती. घरचा कारभार मात्र एकाच किल्लीवर चालतो, आणि ती आपल्याच खिशात आहे असं प्रत्येक बापाला वाटत असतं.

कन्येच्या मोबाईलचा प्रश्न निघाला तेव्हा मी हीच किल्ली फिरवू लागलो. कन्या अकरावीला आहे. खरं म्हणजे तिच्या हातात मोबाईल दिला तो मीच. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा "मोबाईल सोडू नको, हजेरी बुडेल" असं बजावणाराही मीच. तिनं ती आज्ञा इतकी पाळली की अजून सोडलेला नाही. आता शिकवणीच्या नोट्सही व्हॉट्सॲपवरच येतात. मोबाईल काढून घ्यावा तर रसायनशास्त्र जातं, आणि राहू द्यावा तर रसायनशास्त्राचं बोट धरून इन्स्टाग्राम घरात येतं!

मी अमरावतीहून अकोल्याला अप-डाऊन करतो. बडनेऱ्याला गाडीत बसलं की मूर्तिजापूर येईपर्यंत देशाचे बहुतेक प्रश्न सुटलेले असतात. म्हणून हाही प्रश्न मी डब्यात मांडला.

एक गट बंदीवाल्यांचा निघाला. त्यांनी आपल्या यवतमाळ जिल्ह्याचाच दाखला दिला. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला होता. "ऑस्ट्रेलियाले तिथवर याले १० डिसेंबर २०२५ उजाडला," एक जण छाती फुगवून म्हणाला, "अन् तेही सोळापर्यंतच!"

दुसरा गट भोंगावाल्यांचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं त्याच २०२२ साली भोंगा बसवला. संध्याकाळी सातला तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल साडेआठपर्यंत बंद. मुलांनी अभ्यास करायचा. मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं.

कोपऱ्यात एक म्हातारेबुवा इतका वेळ गप्प बसले होते. ते एकदम म्हणाले, "काऊन हो भाऊ, तो भोंगा लेकराइसाठी होता का बापाइसाठी?"

मी उत्तर देणार होतो. पण तेवढ्यात कुणीतरी मला 'शुभ प्रभात' धाडलं आणि मी ते बघत बसलो.

त्याच संध्याकाळी कन्या कोथिंबीर आणायला खाली गेली आणि तिचा मोबाईल टेबलावर उघडा राहिला. वाचकहो, मी बँकेतला माणूस. ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक बायकोलाही सांगत नाही. त्यात माझ्या मेव्हण्याचंही खातं आहे आणि हिनं ती अनेकदा विचारलेली आहे! पण पोटच्या पोरीचं खातं मी बेधडक उघडलं. मनात म्हटलं, देखरेख नको का करायला? देखरेख समोरून करतात आणि पाठीमागून करतात ती पाळत, हे तेव्हा सुचलं नाही.

मी एखाद्या मुलाचं नाव शोधत होतो. सापडलं ते माझंच. मैत्रिणीला तिनं लिहिलं होतं, "केमिस्ट्रीत नापास झाले. घरी सांगायला दोनदा बाबांजवळ गेले. ते रील बघत होते. म्हणाले, एक मिनिट."

पुढे त्या मैत्रिणीनं तिची पाऊण तास समजूत काढलेली. म्हणजे ज्या मोबाईलवर मी दात धरला होता, तो माझंच काम करत होता.

रात्रभर तळमळलो. सकाळी कन्येला सांगून टाकलं, "मी तुझा मोबाईल वाचला. चुकलं माझं." ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात ना? मग आपल्या घरी माझी किल्ली कुठे आहे?"

याला उत्तर नव्हतं. आपल्याला न बांधणारा नियम म्हणजे नुसता हुकूम असतो. आणि हुकूम पाळणाऱ्याचं सगळं लक्ष हुकूम देणाऱ्याची पाठ कधी फिरते याकडे असतं.

तेव्हापासून आमच्याकडे सातला कुकरची शिट्टी होते, तोच भोंगा. घरातले तिन्ही मोबाईल कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली कन्येकडे. तिचे निरोप मी वाचायचे नाहीत. अनोळखी माणसानं काही लिहिलं, कशाची भीती वाटली, तर तिनं येऊन सांगायचं. आणि ती सांगायला आली की मी 'एक मिनिट' म्हणायचं नाही, हे कलम तिनं घातलं.

पहिल्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी माझा हात आपोआप खिशाकडे गेला. कन्येनं ते पाहिलं, पण काही बोलली नाही. केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन शेजारी बसली आणि 'मोल' म्हणजे काय ते मला समजावू लागली. मी बी.कॉम.! मोल म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

पण साडेआठ कधी वाजले, तेही कळलं नाही.