शंका आणि साक्ष



१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. त्याला दोन महिनेही झाले नाहीत तोच, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले. २६० जीव गेले. जुलैत प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एकापाठोपाठ बंद स्थितीत गेले होते. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, का बंद केले? दुसरा म्हणतो, मी केले नाही. कोण काय बोलले, हे अहवालाने सांगितले नाही. आम्ही मात्र मिस्सा आटोपून चर्चच्या फाटकापर्यंत येईस्तोवर निकाल देऊन मोकळे झालो: कॅप्टननेच केले!

शंका घेणे पाप नव्हे. कंपनीला, सरकारला जाब विचारलाच पाहिजे. मृतांच्या घरच्यांचा तो हक्कच आहे. पण शंका वेगळी आणि साक्ष वेगळी. कोणी म्हणेल, "फादर, उद्या तेच खरे निघाले तर?" निघाले तरी आपण बोललो तेव्हा आपल्याला ते ठाऊक नव्हते. अंदाज बरोबर आला म्हणून साक्ष खरी होत नाही. आठवी आज्ञा इथेच आपल्याला अडवते. संत थॉमस अक्वायनस यांचे मत तर असे, की चांगल्या माणसाला एखादे वेळी वाईट ठरवण्यापेक्षा वाईटाला चांगले समजून पुष्कळदा फसलेले बरे. (व्यवहारी माणसाला हे पटायला जड जाते, आम्हालाही जाते.)

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कॅप्टनचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही, हे ओझे बाळगू नका, असे न्यायालयाने त्यांना सांगितले. ते ओझे चढवणाऱ्यांत फाटकाजवळचे आम्हीही होतो.