राजाचे कूळ आणि तुटलेला दुवा

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणीत एक समंजस सावधपणा आहे. ज्याच्या तपापुढे आपण नतमस्तक झालो त्याच्या जन्माची चौकशी केली तर हाती लागेल ते बहुधा आपल्या आदराला उणेपणा आणणारेच असेल, म्हणून तो नाद सोडावा, असा तिचा भावार्थ. परंतु मनुष्याची जिज्ञासा म्हणींना जुमानत नाही. आपल्याकडेही कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या कष्टाने सिद्ध झाले आहेत; आणि इंग्लंडात तर मध्ययुगीन सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासणे हे शतकानुशतके एक शास्त्र, एक व्यवसाय आणि काहींच्या बाबतीत एक व्यसनच होऊन बसले आहे. या शोधातून मनुष्याला नेमके काय मिळते, आणि शोधता शोधता एखादा दुवा तुटलेला आढळला तर शोधणाऱ्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. तो नीतीचाही आहे. त्याचा विचार एका राजाच्या अस्थींपासून सुरू करणे सोयीचे होईल.

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणभूमीवर इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. लेस्टर येथील एका मठाच्या प्रार्थनामंदिरात त्याला घाईघाईने पुरण्यात आले. पुढे आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत मठ मोडले गेले आणि त्या थडग्याचा मागमूस उरला नाही. २०१२ मध्ये त्याच ठिकाणी, मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखाली, उत्खनन करताना एक सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकलेला, कवटीवर शस्त्रांचे घाव. लक्षणे तर जुळत होती. पण हा रिचर्डच, हे सिद्ध कसे करावे?

पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए केवळ आईकडून अपत्यांना मिळतो. रिचर्डला आणि त्याच्या बहिणीला, अ‍ॅन ऑफ यॉर्क हिला, तो एकाच मातेकडून मिळाला होता. अ‍ॅनपासून मुलगी, मुलीची मुलगी, तिची मुलगी, असा माग काढीत अभ्यासक सतरा पिढ्या खाली उतरले आणि लंडनमध्ये लाकडी सामान घडविणाऱ्या एका कारागिरापाशी येऊन पोहोचले. त्याचा आणि त्या अस्थींचा मातृवारसा जुळला. २०१४ च्या डिसेंबरात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये राजाचे पुन्हा दफन झाले. त्या वेळची शवपेटी याच कारागिराने आपल्या हातांनी घडविली होती. राजवंशाशी असलेले नाते सांगण्याची याहून सुंदर रीत क्वचितच कुणाला साधली असेल!

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. सरदार घराण्यांच्या जुन्या वंशवृक्षांत मुलींची नावे बहुधा विवाहापुरती येतात. प्रत्येक पिढीत स्त्रीचे आडनाव बदलते. म्हणून तिच्या वाटेने येणाऱ्या वारशाला ना स्वतंत्र कुलचिन्ह, ना किताब, ना जहागीर. ज्या धाग्याची अखंड नोंद ठेवण्याची कुणालाही गरज भासली नव्हती, नेमका तोच पाचशे वर्षे अभंग राहिला होता.

आणि ज्याची सर्वांत काळजीपूर्वक नोंद झाली होती तो? पित्याकडून पुत्राला मिळणाऱ्या वाय गुणसूत्राचीही याच वेळी तपासणी झाली. रिचर्ड आणि बोफर्टचे ड्यूक ही दोन्ही घराणी तिसऱ्या एडवर्डपासून पुरुष-परंपरेने आलेली, असे वंशावळी सांगतात. अठराव्या शतकात जन्मलेल्या पाचव्या ड्यूकच्या पाच हयात वंशजांची गुणसूत्रे अस्थींशी ताडून पाहिली गेली. एकाचेही जुळले नाही. म्हणजे दीड डझनाहून अधिक दुव्यांच्या त्या साखळीत कोठे तरी नोंदलेला पिता हा खरा पिता नव्हता. कोठे, ते कळायला मार्ग नाही.

ही वार्ता पसरताच, मग इंग्लंडच्या राजगादीचे काय, असा प्रश्न वृत्तपत्रांतून विचारला गेला. वस्तुतः त्या गादीचा हक्क १७०१ च्या कायद्यावर उभा आहे; रक्ताच्या परीक्षेवर नव्हे. मध्ययुगातही स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. बोफर्ट घराण्याचाच आरंभ पाहा. तिसऱ्या एडवर्डचा पुत्र जॉन ऑफ गाँट याला कॅथरिन स्विनफर्डपासून झालेली ही मुले विवाहापूर्वीची. १३९६ मध्ये दोघांचा विवाह झाला, आणि पोपची आज्ञा व १३९७ ची राजाज्ञा यांनी ती मुले औरस ठरली. १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने त्या लेखात राजपदाचा अपवाद करणारे शब्द घातले. तरीही याच घराण्यातील मार्गारेटचा पुत्र बॉसवर्थ जिंकून सातवा हेन्री झालाच.

याहून बोलका प्रसंग त्याच्या राणीचा आहे. चौथ्या एडवर्डचा विवाह अवैध होता, सबब त्याची मुले अनौरस, या कारणावर रिचर्डने १४८३ मध्ये पुतण्याला दूर सारून गादी घेतली आणि १४८४ मध्ये पार्लमेंटने त्यावर शिक्कामोर्तब केले. १४८५ मध्ये हेन्रीच्या पार्लमेंटने तो कायदा वाचूनही न दाखवता रद्द केला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली; कारण हेन्रीला त्याच एडवर्डची कन्या एलिझाबेथ हिच्याशी विवाह करायचा होता. एकच मुलगी दोन वर्षांत अनौरसाची औरस झाली. तिच्या रक्ताचा एक थेंबही बदलला नव्हता. बदलले होते ते कागद आणि ते कागद ज्यांच्या हाती होते ते लोक.

जे राजांनी केले तेच सरदारांनी आणि नवश्रीमंतांनी आपापल्या परीने केले. कुलचिन्हांची व वंशावळींची नोंद ठेवणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेला १४८४ मध्ये सनद दिली ती याच तिसऱ्या रिचर्डने. १५३० पासून पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ तिचे अधिकारी परगणोपरगणी फिरून घराण्यांचे दावे तपासून नोंदवीत असत. परंतु जेथे मागणी तेथे पुरवठा, हा न्याय वंशावळींनाही लागू पडतो. सतराव्या शतकात डेन्बीच्या फील्डिंग घराण्याने आपला संबंध थेट हॅब्सबर्ग सम्राटांशी जोडला. त्यासाठी दस्तऐवज पुढे आले. पुढील पिढ्यांनी ते श्रद्धेने जपले. घरात रुडॉल्फ हे हॅब्सबर्गांचे नावही चालू झाले. १९०१ मध्ये जॉन होरेस राउंड या व्यासंगी इतिहासकाराने ते दस्तऐवज बनावट असल्याचे दाखवून दिले. सम्राटांचे म्हणविणारे हे भाऊबंद मूळचे इंग्लंडच्या मध्यभागातील जमीनदार होते, एवढेच शेवटी उरले.

या घराण्याच्याच एका शाखेत कादंबरीकार हेन्री फील्डिंग जन्माला आला. गिबनसारखा चिकित्सक इतिहासकारही हॅब्सबर्गचे हे नाते खरे धरून चालला होता. मात्र त्याने जाता जाता असेही भाकीत केले, की फील्डिंगची 'टॉम जोन्स' ही कादंबरी एस्कोरियलच्या राजवाड्यालाही आणि ऑस्ट्रियाच्या राजगरुडालाही पुरून उरेल. तो राजगरुड १९१८ मध्ये कोसळला, नात्याचा दावा त्याआधीच कोसळला होता. १७४९ ची कादंबरी मात्र आजही वाचली जाते. आणि तिचा नायक कोण? कुळाचा पत्ता नसलेले, कुणा गृहस्थाच्या बिछान्यावर सापडलेले एक तान्हे मूल!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राउंड यांनी केले ते योग्य केले काय? कुणी म्हणेल, एका घराण्याने निरुपद्रवी अभिमान बाळगला तर कुणाचे काय बिघडले? माझ्या मते बिघडते. खोटा पूर्वज जोडताना खरा पूर्वज पुसला जातो. ज्या सामान्य जमीनदाराने शेत राखले आणि मुलांना वाढविले, त्याच्या जागी, त्याच्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा एक सम्राट आणून बसविणे ही मृतांशी केलेली कृतघ्नता आहे. पूर्वजांचे ऋण मानायचे तर ते खऱ्या पूर्वजांचेच मानले पाहिजे.

तथापि सत्यालाही मर्यादेची गरज असते. राउंड यांची लेखणी जितकी अचूक तितकीच जहाल होती. प्रतिपक्षाला नामोहरम करण्यात तिला रस वाटे. शोधकाचा अधिकार दावा मोडण्यापुरता असतो, दावेदाराला हिणविण्याचा नव्हे. वाय गुणसूत्राच्या प्रकरणात तर ही मर्यादा अधिकच नाजूक होते. दुवा तुटला आहे, हे सत्य आहे. तो अमुक स्त्रीमुळे तुटला, हे सत्य नव्हे, तो संशय आहे. जॉन ऑफ गाँट हा घेंटच्या एका खाटकाचा मुलगा, अशी कंडी त्याच्या शत्रूंनी त्याच्या हयातीतच पिकवली होती. नव्या संशोधनानंतर ती पुन्हा उकरून काढण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु साखळीत एवढे दुवे असताना एकाच मातेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय आहे. मेलेल्या मनुष्याला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून जेथवर पुरावा जातो तेथवर निर्भयपणे जावे आणि जेथे तो थांबतो तेथे आपणही थांबावे. वंशशोधकाच्या नीतीचे सार मला यातच दिसते.

आणि एवढे करून जो सरदार पूर्वज हाती लागतो, त्याचे अप्रूप तरी किती? दर पिढीला पूर्वजांची संख्या दुप्पट होते. बावीस पिढ्या मागे गेले की ती ४१,९४,३०४ भरते. चौदाव्या शतकातील महामारीनंतर अवघ्या इंग्लंडची लोकसंख्याही एवढी नव्हती. अर्थात तीच माणसे अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा पूर्वज होतात. म्हणूनच आज इंग्रज वंशाच्या बहुसंख्य माणसांच्या पूर्वजांत तिसरा एडवर्ड असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. राजाचे रक्त दुर्मिळ नाही, दुर्मिळ आहे तो पुरावा. आणि पुरावा कुणाचा उरतो? ज्याच्यापाशी जमीन होती त्याचा. जहागीरदार मेला की त्याच्या जमिनीची व वारसाची सरकारी चौकशी होई. त्याची जमीन कसणाऱ्या कुळाची अशी दखल कोण घेणार? तेव्हा वंशवृक्षावर आपण जे वाचतो ते पुष्कळ अंशी मातीच्या मालकीचे वृत्त असते. त्या लक्षावधी पूर्वजांतील फार मोठा भाग नांगर धरणाऱ्यांचा आणि सूत कातणाऱ्यांचा होता. त्यांची नावे नाहीत, पण त्यांच्यावाचून आपणही नाही.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा वाचकांना ठाऊकच आहे. गुरूने गोत्र विचारले तेव्हा त्याने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले: माझे गोत्र कोणते ते तिला ठाऊक नाही, तिचे नाव जबाला, म्हणून मी जाबाल. त्या सत्यकथनातच गुरूला त्याचे कूळ दिसले. लेस्टरच्या अस्थींची कथा या कथेपासून मला फारशी दूर वाटत नाही. तेथेही पित्याची साखळी निरुत्तर झाली आणि मातेच्या वारशानेच ओळख पटवली.

म्हणून त्या जुन्या म्हणीशी भांडण न करता तिचा अर्थ थोडा वळवून घ्यावासा वाटतो. कूळ शोधावे, मूळही शोधावे. मात्र त्यावरून मनुष्याची उंची मोजू नये. नदीच्या मुळाशी एखादी क्षीण धारच असते; तिला नदीपण येते ते वाटेत मिळालेल्या, नकाशावर नावही नसलेल्या असंख्य ओढ्यांमुळे.