रिकाम्या थेंबांची साक्ष

१८३७ साली फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी न्यायालयांच्या निवाड्यांवर एक ग्रंथ लिहिला. पंचांचा कौल चुकण्याची शक्यता किती, हा त्यांचा विषय. त्या ग्रंथात ओघाने आलेलं एक सूत्र आज रक्तातल्या कर्करोगाच्या खुणा मोजायला वापरलं जातं. निवाडा काय आणि निदान काय, दोन्ही पुराव्यावरच उभी असतात, म्हणून हा प्रवास मला परका वाटत नाही. विलक्षण वाटते ती त्या सूत्राची भिस्त. काय सापडलं यापेक्षा काय सापडलं नाही, यावर ती आहे.

रुग्णाच्या नमुन्यात एखाद्या जंतूचा किंवा बिघडलेल्या जनुकाचा डीएनए आहे का, हे पाहणं म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं निदान. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेली पीसीआर पद्धत तो डीएनए दुपटीदुपटीने वाढवत नेते आणि नजरेच्या टप्प्यात आणते. अडचण येते ती दुर्मीळ गोष्ट शोधताना. हजारो निरोगी प्रतींत एकच बिघडलेली असेल, तर जत्रेच्या गलक्यात कुणी मारलेल्या हाकेसारखी ती विरून जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किन्झलर यांनी १९९९ मध्ये यावर वाट दाखवली. नमुना एकत्र ठेवायचाच नाही. तो इतका विभागायचा की प्रत्येक वाट्याला एखादाच रेणू यावा, किंवा एकही येऊ नये. त्यांनी त्यासाठी प्लेटमधले खळगे वापरले. पुढे त्या खळग्यांची जागा थेंबांनी घेतली. आता नेहमीच्या थेंबाच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे २० मायक्रोलिटर द्रव यंत्र तेलामध्ये सुमारे २०,००० थेंबुकल्यांत फोडतं. प्रत्येक थेंबुकलं साधारण एक नॅनोलिटरचं आणि प्रत्येक म्हणजे स्वतंत्र परीक्षानळी. तापवण्या-थंडावण्याची आवर्तनं संपली की ती एकामागून एक प्रकाशापुढून जातात. ज्यात रेणू होता ते उजळतं, ज्यात नव्हता ते तसंच राहतं.

आता उजळलेले थेंब मोजले की झालं, असं वाटेल. पण २०,००० रेणू २०,००० थेंबांत सोडले, तर प्रत्येकाला एकेक मिळत नाही. कुठे दोन जातात, कुठे तीन, आणि सुमारे ७,३५८ थेंब कोरेच राहतात. दोन रेणूंचा थेंबही एकदाच उजळतो, त्यामुळे उजळलेल्यांची मोजदाद नेहमी कमी भरते. रिकामा थेंब मात्र असा संभ्रम ठेवत नाही. तिथे शून्य म्हणजे शून्यच. प्वासाँचं सूत्र म्हणूनच रिकाम्यांपासून सुरुवात करतं. निम्मे थेंब रिकामे असतील तर मूळ रेणू सुमारे १३,८६० होते, असं ते सांगतं. आणि सगळेच्या सगळे थेंब उजळले तर? मग संख्या सांगताच येत नाही, नमुना पातळ करून पुन्हा बसावं लागतं. जिथे एकही नकार नाही तिथे मोजमापही नाही.

आपल्याकडच्या तर्कपरंपरेला हे ऐकून नवल वाटलं नसतं. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी पुढे पदार्थांच्या, म्हणजे जाणता येणाऱ्या गोष्टींच्या मूलभूत वर्गांच्या, यादीत ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे चार प्रकार दिले आहेत. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान घडा असल्याच्या ज्ञानाइतकंच खरं, असा त्यांचा आग्रह. पण त्याला एक कडक अट होती. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणायची मुभा नव्हती.

हीच अट आजच्या यंत्रांत पाळलेली दिसते. क्षयरोगासाठी वापरल्या जाणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू आधीच घातलेले असतात. क्षयाचा जंतू सापडला नाही आणि हे मुद्दाम ठेवलेले बीजाणूही सापडले नाहीत, तर यंत्र ‘नाही’ म्हणत नाही. तपासणीच अवैध ठरवतं. आपण अंधारात पाहत होतो, हे ते कबूल करतं. निदानशास्त्रातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

कारण प्रत्येक नकाराची प्रत सारखी नसते. सूक्ष्मदर्शकाखालच्या थुंकी तपासणीत जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते साधारण दहा हजार तरी असावे लागतात. लहान मुलांत किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णांत ते पुष्कळदा त्याहून कमी असतात. त्यांना मिळालेला नकार हा रोगाचा अभाव नसून नजरेचा अभाव असू शकतो. रेणूंची तपासणी याच्या कितीतरी पट खोल जाते, आणि तिलाही तळ असतोच.

स्वयंचलनाचं महत्त्व इथे आहे. माणसाच्या हातून एक पायरी सुटली तर खोटा नकार मिळतो. आधीच्या नमुन्याचा वाढलेला डीएनए उडून मिसळला तर खोटा होकार. हात बाजूला ठेवण्याची एक वाट विजेतून निघाली. गाब्रिएल लिपमान यांनी १८७५ मध्ये पाऱ्यावर प्रयोग करून विजेने द्रवाचा पृष्ठताण बदलतो, हे दाखवलं. ब्रुनो बेर्ज यांनी १९९३ साली मध्ये विद्युतरोधक थर घालून ते पाण्यासाठी वापरण्याजोगं केलं. आज बंद कार्ट्रिजमध्ये पंपाशिवाय, नुसत्या विद्युतदाबावर थेंब सरकतात, जुळतात, दुभंगतात. हात लागतच नाही. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट थेंब फोडत नाही. तिथे तंत्रज्ञ अवघे सहा मायक्रोलिटर द्रव चिपवर ठेवतो. पण बॅटरीवर चालणारं हे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तासाभरात निकाल देतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. मोठ्या शहरातल्या आणि आडगावातल्या रुग्णाला एकाच प्रतीचा नकार मिळावा, ही मला न्यायाची गोष्ट वाटते.

‘निगेटिव्ह आलं’ हे ऐकून माणूस सुटकेचा श्वास टाकतो, औषधं बंद करतो, कामावर जातो. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात तर बिघडलेल्या जनुकाची खूण दीर्घकाळ सापडेनाशी झाली की काही रुग्णांचं औषध देखरेखीखाली थांबवूनही पाहतात. एका नकारावर एवढा भार पडणार असेल, तर तो पेलण्याइतका भक्कम असलाच पाहिजे. ‘आढळलं नाही’ या शब्दांशेजारी किती खोलवर शोधलं, ते अहवालात छापलेलं असावं आणि डॉक्टरांनी ते रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगावं. होकाराला पुरावा मागायची आपल्याला सवय आहे. नकारालाही तो मागायचा हक्क रुग्णाचा आहे, आणि तो पुरावा देता येईल इतकी ही विद्या आता नक्कीच पुढे आली आहे.